ग्रास कटरचं टू-स्ट्रोक इंजिन घरच्या घरी: साताऱ्यातल्या नव्या मालकांसाठी

जून लागला की दुरुस्तीच्या दुकानांपुढे ग्रास कटरची रांग लागते. दिवाळीनंतर गोठ्यात टांगलेलं मशीन खाली काढलेलं असतं, खांदा भरून येईपर्यंत दोरी ओढलेली असते, आणि इंजिन हूं का चूं करत नाही. यातल्या बऱ्याच मशीनमध्ये मोडलेलं काहीच नसतं. टाकीत गेल्या हंगामातलं पेट्रोल असतं, एवढंच. म्हणून हा लेख पान्यापासून नव्हे, पेट्रोलच्या कॅनपासून सुरू होतो. इंधन ज्याने नीट सांभाळलं त्याला इंजिन फारसं उघडावंच लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

डिझेल पंप किंवा ट्रॅक्टर हाताळलेल्या माणसाची इथे गल्लत होते. त्या इंजिनांत ऑइलची वेगळी जागा असते, दांडी काढून पातळी बघता येते. टू-स्ट्रोकमध्ये तसं काही नाही. पेट्रोलात मिसळलेलं ऑइलच क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण देतं आणि मग जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं. ज्यांच्या घरी एकेकाळी ‘प्रिया’ स्कूटर होती त्यांना हे सांगावं लागत नाही. महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यातून बाहेर पडणारी ती गाडीही टू-स्ट्रोकच, आणि पंपावर पेट्रोलाबरोबर मापाने ऑइल घ्यायची सवय तेव्हापासून इथल्या लोकांना आहे.

तुमचं मशीन नक्की टू-स्ट्रोकच आहे का, हे पहिल्यांदा बघा. इंजिनाच्या बाजूला पेट्रोलच्या झाकणाशिवाय दुसरं, दांडी असलेलं ऑइलचं झाकण असेल तर ते फोर-स्ट्रोक. होंडाचं जीएक्स ३५ हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं: ३५.८ सीसी, आत १०० मिली १०डब्ल्यू-३० ऑइल. ते पहिल्या १० तासांनी आणि पुढे दर ५० तासांनी बदलायचं, आणि पेट्रोल साधं, बिनमिश्रणाचं घालायचं. या लेखातला मिश्रणाचा भाग त्या मालकांनी सोडून द्यावा. एअर फिल्टर, प्लग आणि गिअरबॉक्स मात्र दोघांचे सारखेच.

हत्यारं फार लागत नाहीत. मशीनबरोबर आलेला प्लग पाना (बहुतेकांना १९ मिमीचा), ४ आणि ५ मिमीची ॲलन की, एक चपटा आणि एक फुली स्क्रूड्रायव्हर, फिलर गेज (बारीक अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या), जुना टूथब्रश, आणि मेडिकलमधून आणलेली ५० मिलीची सिरिंज. काही कंपन्यांच्या मशीनला चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स स्क्रू असतो, त्याला २७ नंबरचा टी लागतो. हत्यारांच्या डब्यात सिरिंज कशाला, ते आता बघू.

पेट्रोल आणि टूटी

मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. २५:१ असेल तर एक लिटर पेट्रोलात ४० मिली ऑइल, ४०:१ असेल तर २५ मिली, ५०:१ असेल तर २० मिली. हे सिरिंजने मोजून घाला. बाटलीच्या झाकणाने किंवा अंदाजाने धार सोडून केलेलं मिश्रण दर वेळी वेगळं निघतं. ऑइलही टू-स्ट्रोकचंच, म्हणजे ज्याला दुकानात ‘टूटी’ (2T) म्हणतात तेच हवं, हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठीचं. डब्यावर जासो (JASO) एफसी किंवा एफडी ही दर्जाची खूण बघा. बाइकमध्ये घालायचं इंजिन ऑइल इथे अजिबात चालत नाही.

‘जरा जास्त घातलं तर इंजिन जास्त टिकेल’ हा समज फार पसरलेला आहे. ऑइल वाढलं की कार्बन वाढतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सर चोंदतो. वर तेवढ्याच मिश्रणात पेट्रोलाचा वाटा कमी होतो, म्हणजे इंजिन उलट जास्त तापतं. कमी घातलं तर काय होतं ते सांगायला नको: पिस्टन सिलिंडरला धरतो आणि पिस्टन-सिलिंडरचा अख्खा किट बदलायची वेळ येते.

मिसळायची रीत अशी. स्वच्छ, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल घ्या, मोजलेलं ऑइल घाला, झाकण लावून चांगलं हलवा, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. मशीनच्या टाकीत ऑइल आणि पेट्रोल वेगवेगळं ओतू नका. ऑइल तळाशी बसतं आणि पहिला घोट तोच जातो. हे काम उघड्यावर, चुलीपासून आणि विडी-सिगारेटपासून लांब करा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिश्रण भरून ठेवू नका. घरातलं पोर सरबत समजून ती तोंडाला लावेल.

आता इथेनॉल. २०२५ मध्ये देशात पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट गाठलं गेलं. पंपावर आज जे मिळतं त्यात आपल्याच सातारा-सांगलीच्या पट्ट्यातला ऊस डिस्टिलरीतून फिरून आलेला असू शकतो. आपला ऊस आहे ही समाधानाची गोष्ट आहे, पण या छोट्या इंजिनाला त्याचा एक गुण जड जातो: इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं आणि वर पेट्रोल राहतं. टूटी ऑइल जातं वरच्या पेट्रोलाबरोबर. टाकीतला फिल्टर नळीच्या टोकाला तळाशी लोळत असतो, म्हणजे तो ओढतो खालचा थर, ज्यात ऑइल जवळजवळ नाही. इंजिन सहसा चालूच होत नाही. झालंच तर कोरडं फिरतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर उभ्या अरुंद काचेच्या बाटलीत १०० मिली साधं पेट्रोल घ्या, १० मिली पाणी घाला, हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. दोन थर स्वच्छ वेगळे दिसतील, पण खालचा थर १० मिलीचा राहिलेला नसेल, तो ३० च्या आसपास पोचलेला असेल. वाढलेलं ते सगळं इथेनॉल. हे पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही.

मेढ्याच्या बाजूला दुकान असलेल्या एका मिस्त्रींची रीत मला फार पटते. कोणी मशीन खांद्यावरून उतरवलं की ते आधी विचारतात, “पेट्रोल कधीचं हाय?”

“गणपतीतलं असंल, मामा.”

“मग मशीन ऱ्हाऊ द्या खाली. आधी ते वतून टाका आन् ताजं घेऊन या.”

त्यातली निम्मी गिऱ्हाइकं पुन्हा येत नाहीत, कारण मशीन घरीच चालू होतं.

तेव्हा नियम एकच: एका महिन्यात संपेल एवढंच मिश्रण करा. पावसाळ्यात जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे तर पंधरा दिवसांपुरतंच. कॅनवर मार्करने तारीख आणि प्रमाण लिहा. जुनं मिश्रण गटारात किंवा विहिरीच्या काठाला ओतू नका, गॅरेजवाल्याला द्या.

हवा: माण वेगळा, जावळी वेगळी

पुस्तिकेत एअर फिल्टर अमुक तासांनी साफ करा असं लिहिलेलं असतं. सातारा जिल्ह्यात ते तास सगळीकडे सारखे धरता येत नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. दहिवडी-म्हसवडच्या कोरड्या रानात बांध कापताना इतका फुफाटा उडतो की फिल्टर रोज संध्याकाळी झाडावा लागतो. जावळीत धूळ नसते, पण ओल्या गवताचा भुगा चिकटून फिल्टरवर थर बसतो आणि फोम ओलाच राहतो.

फोमचा फिल्टर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवा, पिळू नका, नुसता दाबून पाणी काढा, सावलीत पूर्ण वाळवा. मग इंजिन ऑइलचे चार थेंब टाकून हाताने दाबत सगळीकडे पसरवा, म्हणजे बारीक धूळ त्यालाच चिकटते. पेट्रोलात बुडवून धुतलेला फोम काही दिवसांनी चुरायला लागतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही, हलकेच आपटायचा आणि काळा पडला की बदलायचा. तो शंभर-दोनशे रुपये वाचवण्याची जागा नाही. फिल्टर काढून मशीन चालवणारेही दिसतात, ‘पिकअप चांगला मिळतो’ म्हणतात. आत गेलेली माती सिलिंडरवर उभे ओरखडे पाडते आणि एका हंगामात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, संपतं.

फिल्टर हातात आहेच तर सिलिंडरवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून पंख्याच्या पात्यांसारख्या दिसणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फिन्स, टूथब्रशने मोकळ्या करा. हे इंजिन फक्त हवेने थंड होतं. फिन्समध्ये वाळलेलं गवत अडकलं की इंजिन तापून सीझ होतं, म्हणजे पिस्टन जाम होतो, मग पेट्रोल कितीही चांगलं असू दे.

प्लग वाचायला शिका

इंजिन थंड असताना प्लगची कॅप ओढून काढा, आजूबाजूची माती फुंकून उडवा आणि मगच प्लग सोडवा, नाहीतर ती माती सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लग उजेडात धरून टोकाचं पांढरं चिनीमातीचं नाक बघा. फिका तांबूस, चहाच्या रंगाचा असेल तर मिश्रण आणि हवा दोन्ही ठीक. ओला, तेलकट काळा असेल तर ऑइल जास्त झालंय, किंवा चोक चुकून लागलेला राहतोय, किंवा फिल्टर चोंदलाय. कोरडी काजळी असेल तर बहुतेक फिल्टर. नाक पांढरंफटक, खडूसारखं, आणि कडेला बारीक चमकदार मणी दिसले तर थांबा: इंजिन जास्त तापतंय. एकतर ऑइल कमी आहे किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. अशा मशीनला पुन्हा कामाला लावू नका.

टोकातलं अंतर बहुतेक ग्रास कटरना ०.६ ते ०.७ मिमी लागतं, काही कंपन्या ०.५ सांगतात. फिलर गेजने मोजा आणि बाहेरचं टोकच हलकेच वाकवा. सॅंड पेपरने प्लग घासू नका, त्याचे कण आत जातात. प्लग बसवताना आधी बोटांनीच फिरवत पूर्ण आत न्या. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके धरलेत. मग नव्या वॉशरचा प्लग पान्याने अर्धा फेरा, जुनाच परत लावत असाल तर नुसता घट्ट. सिलिंडरचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, ताकद दाखवली की आटे जातात.

दोरी ओढून हात दुखला, तरी चालू नाही

आधी सगळ्यात साधं: स्विच ऑनवर आहे का, चोक थंड इंजिनाला लावलाय का, प्रायमरचा रबरी फुगा आठ-दहा वेळा दाबला का. फुगा दाबला तरी पेट्रोल दिसत नसेल तर नळी तडकलीय किंवा टाकीतला फिल्टर चोंदलाय. तारेचा आकडा करून तो फिल्टर टाकीच्या तोंडातून बाहेर ओढता येतो. दर हंगामाला नवा टाकावा, फार महाग नसतो. इथेनॉलमुळे जुन्या नळ्या कडक होतात किंवा फुगतात, त्या वाकवून बघा, भेग दिसली की बदला.

पेट्रोल येतंय तर करंट बघा. प्लग काढून कॅपमध्ये लावा, त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या फिनला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि भडका उडू शकतो. सावलीत दोरी ओढली की निळी, ठसठशीत ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, मरगळलेली दिसली तर आधी नवा प्लग लावून बघा, त्यानंतरच करंट तयार करणाऱ्या कॉइलवर संशय घ्या.

प्लग ओला आणि करंटही आहे, तर पेट्रोल ओव्हर झालंय. चोक काढलेला, स्विच बंद, प्लग बाहेर, रेस पूर्ण दाबून दोरी सात-आठ वेळा ओढा, तोंड भोकाच्या समोर नको. प्लग पुसून, वाळवून परत लावा आणि चोक न लावता चालू करा.

हे सगळं ठीक असूनही इंजिन उठत नसेल तर कॉम्प्रेशनची गावठी परीक्षा घ्या. इंजिन थंड, स्विच बंद, प्लग लावलेला. दोरीची मूठ धरून मशीनचा इंजिनाकडचा भाग अलगद उचला. मशीन दोरीवर थोडं लोंबकळून अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली आलं तर पिस्टनच्या रिंगा बऱ्या आहेत. सरसर खाली गेलं तर रिंग-पिस्टनचं काम निघालं.

कार्बोरेटर

याला हात लावायची वेळ शेवटी येते, आणि नवखे नेमके इथून सुरुवात करतात. कार्बोरेटरच्या बाजूला एल (कमी वेगाचा) आणि एच (जास्त वेगाचा) लिहिलेले दोन स्क्रू असतील तर ते सहज म्हणून फिरवायचे नसतात. एच जास्त आवळला की पेट्रोल कमी पडतं, आवाज मस्त चढतो आणि काही दिवसांत पिस्टन धरतो. घरी फिरवायचा तो फक्त स्लोचा, म्हणजे रेस न देता इंजिन किती वेगाने चालेल ते ठरवणारा स्क्रू. इंजिन नुसतं चालू ठेवलं असताना ब्लेड फिरता कामा नये. फिरत असेल तर स्लो कमी करा. तेवढ्यानेही थांबलं नाही तर क्लचची स्प्रिंग गेलीय.

जुन्या पेट्रोलाचा चिकट थर आत बसला असेल तर कार्बोरेटर उघडावा लागतो. सतरंजीवर नव्हे, पांढऱ्या कापडावर उघडा. प्रत्येक भाग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. बहुतेकांत आत पातळ पडदे असतात, म्हणजे डायफ्रॅम. मीटरिंगच्या (पेट्रोल मापून सोडणाऱ्या) बाजूला कार्बोरेटरला लागून आधी गॅस्केट (गळती रोखणारा पातळ थर) आणि त्यावर डायफ्रॅम, तर पंपाच्या (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या) बाजूला उलटं, आधी डायफ्रॅम आणि वर गॅस्केट. हा क्रम उलटला तर बाकी सगळं बरोबर असूनही मशीन चालत नाही. डायफ्रॅम बोटावर मऊ, लवचिक लागला पाहिजे. खडखडीत झाला असेल तर पूर्ण किट बदला. जाळी आणि भोकं कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने साफ करा, डोळ्यांना चष्मा लावून. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, तार किंवा पिन घालू नका, भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं.

सायलेन्सर

मशीन चालू होतं, पण रेस दिली की गुदमरतं, थकल्यासारखं करतं, आणि कार्बोरेटर साफ करूनही फरक नाही. असं असेल तर सायलेन्सर काढा. बऱ्याच मशीनमध्ये त्याच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी नाजूक जाळी असते. कार्बनने ती चोंदलेली असली की हाताला डांबरी पापुद्र्यासारखी लागते आणि उजेडाकडे धरली तरी पलीकडचं दिसत नाही. ब्रशने घासा, नसेल निघत तर बदला. जाळी फेकून देऊ नका. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात काम करताना वणवा अडवणारी तीच आहे, आणि कास-बामणोलीच्या बाजूला वणव्याने किती डोंगर काळे होतात ते आपण दर वर्षी बघतो.

सायलेन्सर निघालाच आहे तर मागचं एक्झॉस्टचं भोक बघा. दोरी हळू ओढत पिस्टन वर आणा, म्हणजे त्याची भिंत भोकावर येते आणि खरवडलेला कार्बन आत पडत नाही. खरवडायला लाकडाची चपटी काडी घ्या, स्क्रूड्रायव्हर नको. पिस्टनवर उभ्या रेघा दिसल्या तर त्याचाही फोटो काढून ठेवा, मिस्त्रींना दाखवायला.

ब्लेडकडचा गिअरबॉक्स लोक विसरतात. साधारण २५ तासांनी बाजूचा स्क्रू काढून लिथियम ग्रीस घाला, थोडंच, ठासून भरलं तर सील फाडून बाहेर येतं. ब्लेडचा नट बहुतेक मशीनवर उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. ब्लेडला हात लावायच्या आधी प्लगची कॅप काढून ठेवायची. यात सवलत नाही.

हंगाम संपला की

गवत कापणी उरकली आणि आता जूनपर्यंत काम नाही असं दिसलं की त्याच आठवड्यात हे करा. टाकी पूर्ण रिकामी करा. फुगा दाबून नळीतलं पेट्रोल टाकीत आणा, तेही ओता. इंजिन उघड्यावर चालू करून आपोआप बंद पडू द्या, बंद खोलीत किंवा गोठ्यात नको, धूर विषारी असतो. थंड झाल्यावर प्लग काढून भोकातून चमचाभर टूटी ऑइल सोडा, दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढा, प्लग परत लावा. शेवटी दोरी अडते तिथपर्यंत ओढून सोडून द्या. फिन्स, फिल्टर, गिअरबॉक्स साफ करा आणि मशीन कोरड्या जागी टांगा. खताच्या पोत्यांजवळ नको, रासायनिक खतं आणि मीठ धातू खातात.

मिस्त्रींकडे न्यायची कामं वेगळी. रेस सोडली तरी इंजिनाचा वेग आपोआप चढत राहिला तर लगेच बंद करा, सील किंवा गॅस्केटमधून हवा शिरतेय. क्रँकचे सील, रिंग-पिस्टन, फ्लायव्हील, क्लच यांना पुलर (भाग ओढून काढायचं हत्यार) आणि अनुभव लागतो. जाताना कॅनमधलं मिश्रण, काढलेला प्लग आणि फोटो बरोबर न्या, आणि कोणत्या प्रमाणाने, कुठल्या तारखेला पेट्रोल मिसळलं होतं ते सांगा.